रात्री साडेअकराचं ऊन

२०२४च्या दसऱ्याला, म्हणजे १२ ऑक्टोबरला, आमच्या मागच्या मैदानावरचे दिवे पहिल्यांदा लागले. तोवर ते महापालिकेचं मोकळं मैदान होतं. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धुरळा, मे महिन्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा. मग त्या पावसाळ्यात तिथे हिरवं टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, अंथरलं गेलं, भोवती जाळी चढली आणि आठ खांब उभे राहिले. आम्ही गॅलरीतून कौतुकाने बघत होतो. माझा मुलगा तर उद्घाटनाच्या दिवशीच खेळून आला.

त्या रात्री साडेअकराला आई, म्हणजे माझ्या सासूबाई, खोलीतून बाहेर आल्या. वय ८१, खोली मैदानाच्या बाजूला. म्हणाल्या, "उजाडलं का गं? दूध नाही आलं अजून." मला आधी हसू आलं. मग त्यांच्या खोलीत गेले. पडदा ओढलेला होता, तरी भिंतीवर खिडकीच्या गजांच्या सावल्या स्वच्छ पडल्या होत्या. त्या उजेडात सुईत दोरा ओवता आला असता.

बॉक्स क्रिकेटची, म्हणजे जाळीच्या आत खेळायच्या क्रिकेटची, टर्फं आता तालुक्याच्या गावीही झाली आहेत, त्यामुळे आमच्यासारखे बरेच जण असणार. मी शोधलं तेव्हा दोनच सल्ले सापडले. एक, जाड पडदे घ्या. दोन, कोर्टात जा. या दोन्हींच्या मधला सात महिन्यांचा रस्ता कसा होता ते लिहून ठेवते आहे. शहराचं नाव मुद्दाम देत नाही. कोणाला उघडं पाडायचं नाहीये आणि टर्फ चालवणारा मुलगा रोज जिन्यात भेटतो.

पहिली चूक माझीच. दुसऱ्याच रात्री मी गाऊनवर ओढणी घेऊन खाली गेले आणि जाळीबाहेरून आरडाओरडा केला. आत खेळणारे पंचविशीतले, बहुतेक एमआयडीसीत दुसरी पाळी संपवून आलेले. त्यांनी तासाचे हजार रुपये भरले होते, त्यांना माझ्याशी काय देणंघेणं? टर्फवाला मुलगा मात्र नम्रपणे म्हणाला, "काकू, परवानगी आहे आमच्याकडे." कसली परवानगी, कितीपर्यंतची, हे विचारायचं मला सुचलंच नाही. घरी आले तर मुलगा म्हणाला, "आई, माझे मित्र होते तिथे." आठवडाभर तो माझ्याशी मोजकंच बोलला.

मग सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा. मागच्या बाजूच्या बारा फ्लॅटना त्रास, पुढच्या बाजूच्यांना काहीच नाही, त्यामुळे 'मुलांनी खेळायचं तरी कुठे' हे पुढच्या बाजूने सांगणं सोपं होतं. (आणि ते खोटंही नव्हतं.) शेवटी ४२ सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यात आमच्या सेक्रेटरी काकांनी ठामपणे एक मागणी घातली: खांबांची उंची कमी करा. ही मागणी लक्षात ठेवा, तिने पुढे आमचं हसं केलं.

२० ऑक्टोबरला, रविवारी, अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी तो शांतपणे वाचला आणि विचारलं, "आवाजाचं काय असेल तर सांगा. उजेडाला कुठलं कलम लावू?"

पुढचे सात महिने याच प्रश्नाभोवती फिरले. आवाजासाठी २००० सालचे नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. उजेडासाठी असा आकडा आपल्या कायद्यात नाही. तुमच्या खिडकीत किती उजेड आला म्हणजे जास्त, हे सांगणारा नियमच नसल्यामुळे तक्रार ऐकणारा प्रत्येक जण मनापासून गोंधळतो. ते टाळाटाळ करताहेत असं मला आधी वाटायचं. काही करतही असतील, पण सगळे नाही.

अंमलदारांनी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला. कुठेही जाताना अर्जाच्या दोन प्रती न्या आणि पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. पुढे प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न हाच होता: आधी कुठे तक्रार केली होती, पोच आहे का?

दहानंतर आरडाओरडा झाला की ११२ला फोन करायचा, असं ठरलं. तीन वेळा केला. बीट मार्शल यायचे, दिवे बंद व्हायचे, मोटरसायकलचा आवाज गल्लीच्या तोंडाशी विरला की वीस मिनिटांत दिवे पुन्हा चालू. चौथ्यांदा केला नाही. विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरलाच लागली होती, सगळं पोलीस दल बंदोबस्तात. आमच्या दिव्यांसाठी त्यांना पळवणं बरं वाटेना. नगरसेवकाकडे जावं म्हटलं, तर नगरसेवकच नव्हते. मुदत संपून काळ लोटला होता, कारभार प्रशासकांकडे. 'माजी' भेटले, चहा पाजला, "बघतो" म्हणाले.

वसुबारसेला, २८ ऑक्टोबरला, मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, जोडपत्र 'अ'. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो. माझा पहिला मसुदा चारशे शब्दांचा होता, त्यातले अडीचशे नुसते संतापाचे. बँकेतली एक मैत्रीण म्हणाली, "'का' विचारू नकोस, कागद माग." तेच बरोबर निघालं. मी मागितलं ते एवढंच: मैदान चालवायला दिल्याच्या करारनाम्याची प्रत, दिव्यांच्या परवानगीची प्रत, ठरवलेल्या वेळांचा आदेश आणि आजवरच्या पाहणी अहवालांच्या प्रती.

तीस दिवस उलटले. उत्तर नाही. २ डिसेंबरला पहिलं अपील, जोडपत्र 'ब', वीस रुपयांचा स्टॅम्प. सुनावणी २६ डिसेंबरला. मी घाबरत गेले, जणू तोंडी परीक्षाच. प्रत्यक्षात अपिलीय अधिकाऱ्यांनी दोन मिनिटांत माहिती अधिकाऱ्यांना विचारलं, "का नाही दिली?" ते म्हणाले, "निवडणुकीचं काम होतं." आदेश झाला. मुदतीत माहिती दिली नाही तर ती फुकट द्यावी लागते, कलम ७(६). हे मी सांगितल्यावर झेरॉक्सचे पैसे मागितलेले मागे घेतले. ८ जानेवारीला १९ पानं हातात आली.

या मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. एक चांगली, एक लाजिरवाणी.

लाजिरवाणी आधी सांगते. ११ डिसेंबरच्या रात्री कोणीतरी आमच्या इमारतीतून दगड मारून एक दिवा फोडला. कोणी ते आजही माहीत नाही, किंवा माहीत असून कोणी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी पोलीस आमच्या फाटकात. तोवर आम्ही तक्रारदार होतो, एका रात्रीत संशयित झालो. टर्फवाल्याने गुन्हा नोंदवायचा हट्ट धरला नाही, हे त्याचे उपकार. सोसायटीतून वर्गणी काढून आम्ही दिव्याचे पैसे दिले. ते द्यायला मी गेले तेव्हा पहिल्यांदा त्याच्याशी बसून बोलले. टर्फ, जाळी, दिवे सगळं कर्जावर. दिवसा गिऱ्हाईक नाही, कारण लोक कामावर आणि ऊन. संध्याकाळी सहा ते दहा भरलेलं. दहा ते बारा या दोन तासांवर हप्ता निघतो. "तेच दोन तास तुम्ही मागताय, काकू." मला उत्तर सुचलं नाही.

चांगली गोष्ट म्हणजे मोजमाप. माझ्या भाच्याने विचारलं, "मावशी, उजेड जास्त म्हणजे किती?" उजेडाचं माप लक्समध्ये असतं, आणि मोबाइलवर लक्स मोजायची अॅपं असतात. एकाच खिडकीत दोन फोन धरले, एकाने २१ दाखवलं, दुसऱ्याने ४७. म्हणजे उपयोग शून्य. मग १,६५० रुपयांचं लक्समीटर मागवलं. मोजायची पद्धत अशी: खोलीतले दिवे बंद, खिडकी उघडी, मीटरचा पांढरा गोळा खिडकीच्या चौकटीत उभा, तोंड बाहेर. मैदानाचे दिवे चालू असताना एक आकडा आणि बंद झाल्यावर एक, म्हणजे रस्त्यावरच्या दिव्यांचा हिस्सा वेगळा काढता येतो. तारीख, वेळ, मजला वहीत लिहायचं आणि मीटरचा फोटो घ्यायचा. तिसऱ्या मजल्यावर आईंच्या खिडकीत ३८ लक्स. दिवे बंद झाल्यावर १. पौर्णिमेचं चांदणं अर्ध्या लक्सच्याही आत असतं, त्यावरून अंदाज करा.

३८ म्हणजे वाईट का, याला आधार हवा होता. तो व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या मार्गदर्शिकेत सापडला. तिचं नाव सीआयई १५०, पहिली २००३ची, सुधारलेली २०१७ची. त्यात परिसराचे प्रकार पाडलेत. आमच्यासारख्या मध्यम उजेडाच्या निवासी वस्तीत घराच्या खिडकीवर बाहेरच्या दिव्यांचा उजेड रात्रीच्या ठरलेल्या वेळेआधी १० लक्सपर्यंत आणि त्या वेळेनंतर २ लक्सपर्यंत चालेल, असं ती सांगते. आपल्याकडे ती बंधनकारक नाही, हे अर्जात मी स्वतःच लिहिलं. ते बरं झालं. पुढे एका साहेबांनी तोच मुद्दा काढला, तेव्हा मी म्हटलं, "पान दोन बघा, लिहिलंय."

एका वकिलांचाही सल्ला घेतला, दोन हजार रुपये. ते म्हणाले, सार्वजनिक उपद्रवासाठी नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १३३. त्याखाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. दिवाणी दावाही लावता येतो. मग चष्मा काढून म्हणाले, "पण कलमाने दिवा बंद होईल, शेजार राहणार नाही. आधी कागद वाचा." दोन हजारांत महाग नव्हतं.

१९ पानांतल्या करारनाम्यात काय होतं? मैदानाचा वापर सकाळी सहा ते रात्री दहा. परिसरातील रहिवाशांना उपद्रव होणार नाही याची दक्षता. विद्युत व्यवस्था चालकाने स्वखर्चाने करावी. बस्स. दिवे किती, कसे, तोंड कुणीकडे, एक अक्षर नाही. शिवाय एक अट वाचून मी पान परत उलटून पाहिलं: रोज दुपारी चार ते सहा परिसरातल्या मुलांना मैदान विनामूल्य. आमच्या इमारतीतल्या एकाही पोराला हे माहीत नव्हतं. टर्फवाल्यालाही नीट माहीत नव्हतं, असं तो म्हणाला आणि माझा त्यावर विश्वास आहे. करारनामा कोण वाचतं?

आता लोकशाही दिन. महिन्याच्या पहिल्या सोमवारी महापालिका आयुक्तांसमोर थेट तक्रार मांडता येते. अर्ज पंधरा दिवस आधी, ठरलेल्या नमुन्यात, दोन प्रतींत द्यायचा. तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. हे माहीत नसल्याने मी सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज नेला आणि खिडकीवरूनच परत आला. घरी येऊन 'आम्ही'चं 'मी' केलं, '४२ रहिवासी'च्या जागी 'माझ्या ८१ वर्षांच्या सासूबाई' आल्या. खरं सांगायचं तर अर्ज त्यामुळे सुधारला. १७ जानेवारीला दिला. आचारसंहिता असली की लोकशाही दिन होत नाही, तेव्हा तारीख आधी विचारून घ्या.

३ फेब्रुवारी. सकाळी दहापासून बसले, माझा नंबर पावणेदोनला. समोर विभागप्रमुखांची रांग. मला मिळाली चार मिनिटं. मी फक्त तीन कागद ठेवले: पोलिसांची पोच, करारनाम्यातलं 'रात्री दहा' अधोरेखित केलेलं पान आणि लक्सच्या नोंदी. आयुक्तांनी ३८ आणि १० हे दोन आकडे बघितले आणि विद्युत विभागाकडे वळून म्हणाले, "संयुक्त पाहणी करा." दोन महिने मी 'खूप उजेड', 'असह्य उजेड' असं लिहीत होते. त्या खोलीत उपयोग झाला तो दोन आकड्यांचा.

संयुक्त पाहणी झाली ११ फेब्रुवारीला. सकाळी साडेअकराला.

होय, दिव्यांची पाहणी, लख्ख उन्हात. तीन विभागांचे पाच जण आले, खांब मोजले, फोटो काढले, पंचनाम्यात लिहिलं: 'पाहणीवेळी दिवे बंद अवस्थेत आढळले.' मी सही करायच्या आधी खाली लिहिलं, 'पाहणी दिवसा ११.३० वाजता झाली, रात्री पुन्हा व्हावी.' भांडले नाही. पंचनाम्यावर सही करताना आपलं म्हणणं खाली लिहिता येतं, कोणी अडवत नाही. त्या एका ओळीमुळे दुसरी पाहणी लागली.

ती झाली २० फेब्रुवारीला, रात्री नऊला. दुसऱ्या दिवशी दहावीचा मराठीचा पेपर, वरच्या मजल्यावरची मुलगी खिडकीला चादर बांधून वाचत बसलेली. विद्युत विभागाचे कनिष्ठ अभियंता एकटेच आले, सोबत एक वायरमन आणि शिडी. ते आधी आईंच्या खोलीत आले, स्वतःचं मीटर लावलं. ३६. मग मैदानात जाऊन त्यांनी टर्फवाल्याला आणि मला शेजारी उभं केलं आणि जे समजावलं ते आम्हा दोघांनाही नवीन होतं.

खांब बुटके होते. बुटक्या खांबावरून मैदानाच्या मध्यापर्यंत उजेड फेकायचा तर दिव्याची मान वर करावी लागते, आणि मान वर केलेला दिवा समोरच्या खिडकीत बघतो. खांब उंच असेल तर दिवा खाली बघूनही मध्यापर्यंत पोचतो. म्हणजे आमची 'खांबांची उंची कमी करा' ही मागणी बरोबर उलटी होती! सेक्रेटरी काका मागे उभे होते, त्यांनी जाळीकडे बघायला सुरुवात केली. काकांचा दोष नाही, मलाही तेच पटलं होतं. डोळ्यांसमोर उंच काही उभं राहिलं की आपल्याला तेच टोचतं.

वायरमनने आमच्याकडे तोंड असलेल्या चार खांबांवरचे आठ दिवे पान्याने सैल करून खाली झुकवले. चाळीस मिनिटं. मी वर जाऊन मीटर बघायचं आणि फोनवर आकडा सांगायचा. २९. २२. १४. त्यात खेळणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला, "आता उंच कॅच दिसतोय, आधी डोळ्यात जायचं." त्या रात्री पहिल्यांदा सगळे एकाच बाजूला होते.

पण आमच्या भिंतीकडची खेळपट्टीची कड काळोखात गेली. टर्फवाला रडकुंडीला आला. अभियंत्यांचं म्हणणं, दोन खांब उलट्या बाजूला, तुमच्या कंपाउंड भिंतीलगत आणा; दिव्यांची पाठ इमारतीकडे, तोंड मैदानाकडे. उरलेल्या दिव्यांना पत्र्याची झापडं. घोड्याला बांधतात तशीच. भिंतीलगत खांब म्हणजे सोसायटीचं ना-हरकत पत्र. कमिटीच्या बैठकीत एका सभासदाने टर्फवाल्याकडून महिन्याचं भाडं घ्यायची सूचना केली. दीड तास त्यावर गेला, तो मी इथे गाळते.

याच बैठकीत एक काका पेंचबद्दल बोलले. पेंच व्याघ्र प्रकल्प २०२४मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारं ठिकाण, झाला, ते तिथे जाऊन आले होते. आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे तिथे जमिनीकडे तोंड करून बसवलेत. "दिवे काढले नाहीत, वळवले," एवढंच म्हणाले. ना-हरकत पत्र भाड्याशिवाय मंजूर झालं.

खांब सरकले मार्चच्या अखेरीस, खर्च टर्फवाल्याचा. बदल्यात आम्ही काय दिलं? शनिवारी अकरापर्यंत चालू ठेवू द्या, असं त्याने मागितलं. मी तयार होते, इतर अकरा फ्लॅट नव्हते, आणि मालमत्ता विभागाच्या ३ एप्रिलच्या पत्रात करारनाम्याप्रमाणे दहा एवढंच आलं. सकाळी सहा ते आठचे तास मात्र आमच्याच इमारतीतल्या लोकांनी घ्यायला सुरुवात केली. त्याचा हप्ता त्यातून निघतो का, विचारायचा मला धीर झालेला नाही.

आजचा आकडा: दहाच्या आत ६ लक्स, दहानंतर १. टर्फवाल्याने टायमर बसवलाय, तो मे महिन्यात एकदा वीस मिनिटं मागे पडला होता, तेव्हा मी ११२ला नाही, त्यालाच फोन केला. आवाज आहेच. सिक्स बसला की आमच्या खिडक्यांनाही कळतं.

माझा खर्च झाला ८,३०० रुपये: पडदे ४,२००, वकील २,०००, मीटर १,६५०, झेरॉक्स आणि फोटो ४२०, स्टॅम्प ३०. सुट्ट्या चार. पडदे घेतले नसते तरी चाललं असतं. उजेडाबरोबर वाराही अडतो आणि एप्रिलमध्ये ते काढूनच ठेवावे लागले. मीटर कोणाला हवं असेल तर नेऊन परत करा, सध्या ते दोन गल्ल्या सोडून एका सोसायटीत गेलंय.

काल दहाला दिवे गेले. दहा मिनिटांनी मुलगा बूट हातात घेऊन वर आला. आईंच्या खोलीतून आवाज आला, "अगं, किती हा अंधार. झिरोचा दिवा लाव बघू."